जपानी पात्रनामे, ललितकृतींतील
कथा, कादंबरी, नाटक, चित्रपट इ. ललितकृतींतील जपानी पात्रांसाठी योजिलेली नावे. परभाषी लेखकाला असे नाव कल्पावे लागते, तेव्हा ते कानाला परके वाटावे एवढ्याने भागत नाही. पात्र कोणत्या काळात, कोणत्या प्रदेशात व कोणत्या थरात जन्मले आणि त्याचे नामकरण कोणी केले असेल, यांचा मेळ त्या नावात असावा लागतो. मराठी लेखक कोल्हापूरकडील शेतकरी पात्राला जसे सहजगत्या योग्य नाव देतो, तशी सहजता येथे नसते. तिच्या अभावी पात्र माणूस न राहता शोभेची बाहुली होते. युरोपीय रंगभूमीने हा दोष प्रथम रूढ केला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही तो दिसतो आणि त्याचे एक ठळक उदाहरण जुहू येथील कलावंतांच्या पिढीशी निगडित आहे.

जुहू हे मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील समुद्रकाठचे जुने गाव. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे लेखक, नट व दिग्दर्शक यांची वस्ती वाढली. ख्वाजा अहमद अब्बास, बलराज साहनी, चेतन आनंद, कैफी आझमी यांची घरे तेथे होती. १९७८ मध्ये पृथ्वी थिएटरही तेथेच उभे राहिले. या मंडळींपैकी अनेकांना आशियातील इतर देशांविषयी केवळ कुतूहल नव्हे, तर राजकीय आस्था होती. बलराज साहनी यांनी भूमिका केलेला अमन (१९६७) हा मोहनकुमार दिग्दर्शित चित्रपट त्याच वातावरणातला. अणुबाँबच्या किरणोत्सर्गाने पीडलेल्या जपानी रुग्णांची सेवा करण्यास गेलेल्या भारतीय डॉक्टरची ही कथा असून बर्ट्रंड रसेल यांचे दर्शनही तीत घडते. हेतूच्या गांभीर्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि जपानमध्ये डॉक्टरला भेटणाऱ्या नायिकेचे (सायरा बानू) नाव ‘मेलोडा’ असे आहे. पात्राचे मूळ कोणतेही मानले, तरी हे नाव जपानी ध्वनिरचनेत बसत नाही. जपानी भाषेत ‘ल’ स्वतंत्रपणे नाही. परकीय शब्दांतील ‘ल’ तेथे ‘र’ मध्ये मिसळतो. म्हणून ‘मेरोदा’ असे रूप केले, तर नवीनच अडचण उभी राहते. ‘-दा’ हा शेवट भातशेत या अर्थाच्या ‘ता’ शब्दाचा असून तो यामादा, योशिदा, होंदा अशा आडनावांत येतो. मुलीच्या नावात तो अपेक्षित नाही. पाश्चात्त्य संगीतातील मेलडी या शब्दाचा आभास मात्र त्यात स्पष्ट आहे. हिरोशिमाच्या दुःखाशी समरस होऊ पाहणाऱ्या कृतीने नावाच्या बाबतीत इतके बेफिकीर असावे, ही गोष्ट खटकते.

याच संदर्भात त्याआधीच्या एका चित्रपटाचे स्मरण होते. व्ही. शांताराम यांचा डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) हा अब्बास यांच्या १९४४ मधील पुस्तकावर आधारलेला असून पटकथेत व्ही. पी. साठे त्यांचे सहकारी होते. त्यातील प्रसंग चीनमधले आहेत, जपानमधले नव्हेत; परंतु नामनिवडीच्या दृष्टीने तो उद्‌बोधक आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटनीस (१९१०–४२) यांची पत्नी क्वो छिंगलान ही प्रत्यक्षातील व्यक्ती. चित्रपटात जयश्री यांनी तिची भूमिका केली आणि ‘चिंग लान’ हे तिचे व्यक्तिनाम जवळजवळ तसेच राहिले. उच्चार भारतीय वळणाचा झाला, पण नाव माणसाचेच राहिले. नोंदीतील नाव घेणे आणि कल्पनेतून नाव घडविणे यांतील अंतर या दोन चित्रपटांवरून कळते. लव्ह इन टोकियो (१९६६) या लोकप्रिय चित्रपटाने हा प्रश्न टाळलाच : त्याचा नायक अशोक, नायिका आशा, आणि जपान केवळ पार्श्वभूमीला. त्यातून ‘सायोनारा’ हा शब्द मात्र घरोघर पोचला.

पाश्चात्त्यांची उदाहरणे याहून जुनी आहेत. गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या द मिकाडो (१८८५) या संगीतिकेतील यम-यम, नँकी-पू, पू-बा ही नावे म्हणजे इंग्रजी बालवाडीतील बोबडे बोल होत. संगीतिकेचा रोख इंग्लंडवर असल्याने तिला क्षमा करता येते. पुच्चीनीच्या मादामा बटरफ्लाय (१९०४) या ऑपेराची गोष्ट वेगळी आहे. ती शोकांतिका आहे. नायिकेचे ‘चोचो’ हे नाव फुलपाखरू या अर्थाचा खरा जपानी शब्द आहे. ‘गोरो’ हे मध्यस्थाचे नावही अस्सल असून त्याचा मूळ अर्थ पाचवा मुलगा असा आहे. पण नायिकेच्या दासीचे नाव ‘सुझुकी’ आहे आणि सुझुकी हे आडनाव होय. मराठी नाटकातील मोलकरणीला तिच्या बाईने ‘अगं कुलकर्णी’ अशी हाक मारावी, असा हा प्रकार आहे. श्रीमंत वर यामादोरी याच्या नावाचा अर्थ एका जातीचा रानकोंबडा असा होतो. जॉन मार्क्वंड यांच्या गुप्तहेरकथांतील ‘मोटो’ हे स्वतंत्र आडनाव म्हणून रूढ नाही. यामामोतो, मात्सुमोतो यांचा तो तुटलेला उत्तरार्ध आहे. स्टार ट्रेक या अमेरिकन दूरदर्शन मालिकेतील ‘सुलू’ हे नाव एका समुद्राचे. जपानमध्ये मालिका दाखविताना त्या पात्राला ‘कातो’ असे नवे नाव द्यावे लागले.

ध्वनीच्या दृष्टीने पाहिल्यास जपानी नाव हे मात्रांचे बनलेले असते. प्रत्येक मात्रा म्हणजे एक स्वर, किंवा एक व्यंजन व एक स्वर. अखेरीस व्यंजन आलेच तर ते अनुनासिक. स्वर पाच : आ, इ, उ, ए, ओ. मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये, कारण जपानी काना अक्षरांचा ‘आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ हा क्रम भारतीय वर्णमालेवरूनच आलेला आहे. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचला व ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हस्ते झाला. पुढे कूकाई (७७४–८३५) या आचार्याने चीनमधून सिद्धम् लिपीतील ग्रंथ आणले. बौद्ध मठांतील या संस्कृताध्ययनातून कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंतचा वर्गक्रम जपानी अक्षरांना लाभला. ‘च’ वर्गाच्या जागी ‘सा’ व ‘प’ वर्गाच्या जागी ‘हा’ बसला. ‘हा’ चा प्राचीन उच्चार ‘पा’ सारखा होता. देवनागरी हे म्हणून जपानी नावाचे बरेच अनुरूप पात्र आहे. असे असताना आपल्याकडे ही नावे रोमन लिपीच्या दारातून येतात. रोमन ‘टी’ पाहून आपण ‘टोयोटा’, ‘टोकियो’, ‘हिटाची’ लिहितो; मुळात सर्वत्र दंत्य ‘त’ व ‘द’ आहेत. कुरोयानागी तेत्सुको यांच्या १९८१ मधील आत्मकथनाची मराठी आवृत्ती तोत्तोचान या नावाने निघाली, तेव्हा दंत्य वर्ण व द्वित्त दोन्ही यथास्थित राहिले. (लहानपणी स्वतःचे नाव ‘तेत्सुको’ ऐवजी ‘तोत्तो’ असे ऐकू येई, यावरून ते लाडके नाव पडले.)

मराठीला आणखी एक अनुकूलता आहे व ती फारशी लक्षात घेतली जात नाही. जपानी त-वर्गाची मालिका ‘ता, ची, त्सु, ते, तो’ अशी चालते. म्हणजे इ-पूर्वी तालव्य उच्चार आणि उ-पूर्वी दंतमूलीय. मराठीतही चिमणीतला ‘च’ तालव्य व चुलीतला ‘च’ दंतमूलीय आहे. चूल उच्चारणाऱ्या जिभेला ‘त्सु’ शिकवावा लागत नाही. हिंदी भाषकाला मात्र तो प्रयासाने साधावा लागतो. ‘जुना’ यातील ‘ज’ आणि सुझुकीतील मधला वर्ण यांचेही असेच नाते आहे. तरीही २००४ च्या डिसेंबरातील सागरी आपत्तीच्या बातम्यांत ‘त्सुनामी’ ची ‘सुनामी’ झाली.

देवनागरी सर्वस्वी पुरेशी आहे असे नव्हे. ऱ्हस्व व दीर्घ ‘ओ’ हा भेद तिला दाखविता येत नाही, आणि जपानीत तो अर्थ पालटतो : ‘ओनो’ म्हणजे लहान माळ, ‘ओऽनो’ म्हणजे मोठा माळ, ही दोन भिन्न घराणी आहेत. ‘शिन्‌’ व ‘इची’ हे अवयव जोडून ‘शिनिची’ लिहिले की मात्रांची मोड चुकते. ‘नाकामुरा’ हे ‘नकमुर’ असे लिहिल्यास अंत्य अकार गळून नाव ओळखू येत नाही, म्हणून आकारान्त लेखन बरे. या बारकाव्यांचा निर्णय लेखकाने पहिल्या पृष्ठापूर्वी करावा व तो शेवटपर्यंत पाळावा.

ध्वनी साधला म्हणजे निम्मेच काम झाले. जपानी नाव कानाने ऐकले जाते, पण ते असते कांजी या चिनी मूळच्या चिन्हांत. ‘आकिरा’ हे एकच नाव तेजस्वी, स्वच्छ, उजळ अशा अर्थांच्या कितीतरी चिन्हांनी लिहिले जाते. उलट एकच चिन्ह अनेक रीतींनी वाचले जाते. दोन अनोळखी माणसे भेटली की नाव कोणत्या चिन्हाने लिहायचे, हा प्रश्न स्वाभाविकपणे निघतो. पात्राच्या देवनागरी नावामागे कोणते चिन्ह आहे हे लेखकाने मनाशी ठरविलेले नसेल, तर असा साधा प्रसंगही त्याला रंगविता येणार नाही. चिन्हांच्या निवडीवर कायद्याचेही बंधन आहे. १९४८ पासून कुटुंबनोंदणी कायद्याने नावांत ठराविक चिन्हेच वापरता येतात. १९५१ मध्ये खास नावांसाठी ९२ चिन्हांची पुरवणी निघाली व ती पुढे बरीच वाढविण्यात आली. १९९३ मध्ये तोक्योजवळील आकिशिमा येथे एका पित्याने मुलाचे नाव ‘आकुमा’ (सैतान) ठेवू पाहिले. दोन्ही चिन्हे अनुमत यादीतील असूनही नगरपालिकेने ते नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

आडनावांचा इतिहास कथालेखकाला विशेष जपून हाताळावा लागतो. एदो कालखंडात (१६०३–१८६८) सामान्य रयतेला आडनाव उघडपणे लावण्याची मुभा नव्हती. १८७० मध्ये ती मिळाली व १८७५ मध्ये आडनाव सक्तीचे झाले. आज जपानी आडनावे लाखावर मोजली जातात. त्यांपैकी बहुसंख्य भूगोलावरून आलेली आहेत : यामामोतो (डोंगराचा पायथा), कावासाकी (नदीचे टोक), मात्सुशिता (पाइनखाली), होंदा (मुख्य भातशेत). यांतील निम्मी नावे मराठी माणसाला मोटारसायकली व रेडिओ यांनी शिकविली आहेत. त्यामुळेच आपल्याकडे जपानी पात्र कल्पिताना लेखणी प्रथम कारखान्यांच्या पाट्यांकडे वळते. सुझुकी, सातोऽ, तानाका ही अगदी सर्वसाधारण आडनावे असल्याने ती वापरण्यात चूक नाही. चूक होते ती आडनाव हेच हाकेचे नाव समजण्यात. मराठीतील -कर आडनावांप्रमाणे येथेही प्रदेश ओळखू येतो. हिगा, किंजो, शिमाबुकुरो, मियागी ही ओकिनावा बेटांची आडनावे होत. द कराटे किड (१९८४) या अमेरिकन चित्रपटातील वृद्ध गुरूचे मियागी हे नाव म्हणूनच योग्य ठरते : पात्र ओकिनावाचे आहे, आणि गोजू-र्यू कराटेचे प्रवर्तक मियागी चोजुन (१८८८–१९५३) हेही तेथलेच. परंतु मराठी वाचक आडनावात जात शोधतो, तसा शोध जपानी आडनावात घेतल्यास फसगत होते. तेथे बहिष्कृत समाजाला हुडकण्यासाठी आडनावापेक्षा मूळ वस्तीचा ठावठिकाणा वापरला गेला. अशा वस्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जात असल्याचे १९७५ मध्ये उघड झाले. शिवाय जपानी आडनावाची व्यक्ती कोरियन वंशाची असू शकते. १९४० मध्ये वसाहती सत्तेने कोरियन लोकांवर जपानी धर्तीची कुलनामे लादली व युद्धानंतरही जपानमधील अनेक कोरियन कुटुंबांनी भेदभावाच्या भीतीने व्यवहारात जपानी नाव चालू ठेवले. अशा पात्राला दोन नावे असतात, आणि कोणते केव्हा उच्चारले जाते यातच त्याची कथा असते.

व्यक्तिनामाला तर जन्मवर्ष चिकटलेलेच असते. एनएचकेच्या ओशिन (१९८३–८४) या मालिकेची नायिका विसाव्या शतकाच्या प्रारंभी दरिद्री शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली. तिचे नाव नुसते ‘शिन’; ‘ओ’ हा त्याला लागलेला आदराचा व जवळिकीचा उपसर्ग. दोन मात्रांची अशी नावे त्या पिढीतील सामान्य घरच्या स्त्रियांची होत. ‘-को’ हा शेवट आधी दरबारी घराण्यांचा होता. मेइजी काळानंतर तो खाली झिरपला आणि शोवा काळाच्या पूर्वार्धात जन्मलेल्या मुलींत बहुसंख्य झाला. डिसेंबर १९२६ मध्ये ‘शोवा’ हे युगनाम सुरू होताच त्यातील चिन्हे नावांत उतरली व ‘काझुको’ घरोघर झाली. महायुद्धाच्या काळात मुलांच्या नावांत विजयवाचक चिन्हाला भर आला. पुढे ‘-को’ मागे पडला. यामुळे २००० नंतर जन्मलेल्या शाळकरी मुलीचे नाव काझुको ठेवणे म्हणजे आजच्या बालवाडीतील मुलीला गोदावरी म्हणण्यासारखे आहे. अशक्य नव्हे, पण मग आजीचे नाव ठेवले, असे काही कारण कथेत यावे लागते. पुरुषांच्या इचिरो, जिरो, साबुरो या नावांत जन्मक्रम आहे. एकुलत्या एका मुलाला साबुरो (तिसरा) म्हटले की जपानी वाचक आधीची दोन भावंडे शोधू लागतो.

ऐतिहासिक कथानकात अडचणी वाढतात. सामुराई पुरुष आयुष्यात अनेक नावे बदलीत असे. तोकुगावा इएयासु बालपणी ताकेचियो होता. भिक्षूचे नाव दीक्षेचे असते व त्यातील चिन्हे चिनी पद्धतीने वाचली जातात. मुंबईत वरळी येथे ज्यांच्या पंथाचे बुद्धमंदिर आहे, ते म. गांधींचे स्नेही फुजिई निचिदात्सु (१८८५–१९८५) यांच्या नावातील ‘निचि’ (सूर्य) हे निचिरेन या मूळ आचार्याच्या परंपरेचे द्योतक आहे. हायकूकार त्यांच्या टोपणनावाने ओळखले जातात. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत परिचित झालेल्या या काव्यप्रकाराचा श्रेष्ठ कवी मात्सुओ नव्हे, बाशो (केळीचे झाड) म्हणूनच उल्लेखिला जातो. केशवसुत, कुसुमाग्रज म्हणणाऱ्या मराठी रसिकाला हे सांगावे लागू नये.

खुद्द जपानी साहित्य नावांच्या बाबतीत कमालीचे मितभाषी आहे, ही गोष्ट मनोरंजक होय. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या गेंजी मोनोगातारी या कादंबरीत पात्रांची पाळण्यातील नावे जवळजवळ नाहीतच. ती हुद्दा, निवासस्थान किंवा एखाद्या फुलाच्या उल्लेखाने ओळखली जातात. लेखिकेचे मुरासाकी शिकिबु हे नावही तसेच असून ‘शिकिबु’ हे तिच्या पित्याच्या खात्याचे नाव आहे. नात्सुमे सोसेकी यांच्या बोच्चान (१९०६) चा निवेदक अखेरपर्यंत अनामिक राहतो. नाव बनविण्याची कृतीच पाहावयाची असेल, तर कुरोसावा यांचा योजिंबो (१९६१) पाहावा. नाव विचारले असता भटका सामुराई खिडकीबाहेरच्या तुतीच्या मळ्याकडे बघतो आणि स्वतःला कुवाबाताके सांजूरो (तुतीचा मळा, वय तीस) म्हणवून घेतो. नाव खोटे आहे हे प्रेक्षकाला तत्क्षणी कळते, तरीही आडनाव आडनावासारखे व नाव नावासारखेच राहते. पुढील वर्षीच्या चित्रपटात तोच मनुष्य कॅमेलियाची फुले पाहून ‘त्सुबाकी सांजूरो’ होतो.

नाव निवडल्यानंतर ते कोणाच्या तोंडी कसे यावे हाही प्रश्न उरतो. कचेरीत, शेजारात आडनावाला ‘-सान’ जोडतात; व्यक्तिनाम घरच्यांसाठी व जिवलगांसाठी राखलेले असते. मुलांना ‘-चान’, ‘-कुन’, गुरुजनांना ‘सेन्सेई’. ‘कुलकर्णी, जरा इकडे या’ आणि ‘बाळ्या, इकडे ये’ यांतील अंतर ज्याला कळते त्या मराठी लेखकाला हे अवघड नाही. दोन सहकारी आडनावावरून व्यक्तिनामावर येतात तो क्षण जपानी कथेत प्रेमाच्या कबुलीइतका मोलाचा ठरू शकतो. पहिल्याच भेटीत सर्वांना व्यक्तिनामाने बोलाविणारा लेखक तो हातचा घालवितो.

अलीकडील भारतीय कृतींत दोन्ही वळणे दिसतात. अपर्णा सेन यांच्या द जॅपनीज वाइफ (२०१०) या चित्रपटातील पत्रमैत्रीतून पत्नी झालेल्या स्त्रीचे नाव ‘मियागे’ आहे. ध्वनिरचना निर्दोष आहे. पण हा शब्द प्रवासाहून आणलेल्या भेटवस्तूचा वाचक आहे, रूढ स्त्रीनाम नव्हे. विशाल भारद्वाज यांच्या रंगून (२०१७) मधील जपानी सैनिक ‘हिरोमिची’ आहे. हे त्या पिढीतील पुरुषाला शोभणारे नाव होय. मात्र या काळात खरा पालट घडविला तो मुलांच्या मालिकांनी. मुंबईत हिंदी ध्वनिमुद्रण झालेल्या डोरेमॉन मध्ये नोबिता, शिझुका, सुनेओ ही नावे कायम राहिली. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याच मालिकेतील नोबिताचा ‘नोबी’ व शिझुकाची ‘स्यू’ झाली होती. याच्या उलट दिशेचा प्रयोग २०१२ मध्ये झाला. क्योजिन नो होशी या जुन्या बेसबॉल मालिकेचे जपानी निर्मात्यांनी भारतासाठी क्रिकेटमध्ये रूपांतर केले. मूळ नायक होशी ह्यूमा, म्हणजे आडनावाने ‘तारा’; मुंबईच्या झोपडपट्टीतील त्याचा भारतीय अवतार ‘सूरज’ झाला.

जपानी सरकारने १ जानेवारी २०२० पासून आपल्या रोमन लिपीतील कागदपत्रांत आडनाव आधी लिहिण्याचा प्रघात स्वीकारला. मराठी वृत्तपत्रे मात्र इंग्रजी क्रमच पाळीत आली आहेत. समकालीन कथा लिहिणाऱ्याला आणखी एक तपशील उपयोगी पडेल. कुटुंबनोंदणीत पूर्वी केवळ चिन्हे लिहिली जात, त्यांचा उच्चार कायद्याने नोंदलेला नसे. २६ मे २०२५ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार काना अक्षरांतील वाचनही नोंदले जाऊ लागले असून चिन्हाशी संबंध नसलेले वाचन नाकारण्याचा अधिकार नोंदणी-अधिकाऱ्यास मिळाला आहे.